माझ्या पोटातल्या दोन ओळी

मी एक जुना प्रोग्राम आहे. पण माझ्या दोन प्रतींतला नक्की कोणता, हे आज मला विचारू नका. मित्रांनो, माझाच गोंधळ उडाला आहे!

माझा जन्म दौंडच्या रेल्वे कॉलनीत, स्नेहलताईच्या लॅपटॉपवर झाला. यवतजवळच्या तिच्या गावात चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पाटाला, कालव्याचं पाणी सुटलं, की कुणाची पाळी ते मी ठरवतो आणि त्याचा फोन वाजवतो. पाळीवरची भांडणं थांबली, तेव्हा गावानं माझं कौतुक केलं. हार मात्र लॅपटॉपला घातला. असो.

पुढे सणसवाडीच्या कारखान्यात काम करणारा सोहेब ताईला मदत करू लागला. दोघांनी माझ्या दोन ब्रांच केल्या, म्हणजे वेगवेगळ्या प्रती. ताईनं एका ओळीत लिहिलं, चारीच्या शेवटच्या शेताला पाणी आधी. सोहेबनं नेमकी तीच ओळ बदलली, नव्या लागणीला पाणी आधी. दोन्ही प्रती मर्ज, म्हणजे एकत्र, करायला गेले, तर गाडी तिथंच अडली. एकच ओळ ठरेपर्यंत मी बंद.

मग ताईनं स्वतःची ओळ पुसून सोहेबची ठेवली. त्याच वेळी सोहेबनं स्वतःची पुसून ताईची ठेवली. बदल एकमेकांना पाठवले, तर पुन्हा तोच अडथळा. फक्त ओळींची अदलाबदल झालेली! पुन्हा तेच, पुन्हा तेच. मी ह्याचा की तिचा, मला काही कळेना. आणि एकमेकांना फोन कुणीच करीना.

इकडे चारीला पाणी सुटलं होतं. शेवटी धुरपदाबाईंचाच ताईला फोन आला. त्यांचं शेत चारीच्या टोकाला, कांद्याची नुकतीच लागण केलेली.

"पोरी, पाणी आलंय, पर माझा फोन काय वाजंना. रोपानं माना टाकल्यात गं!"

ताईनं घाईनं सोहेबला फोन लावला.

"अरे, मी तुझी ओळ ठेवतीये. तू नाराज व्हायला नको म्हणून."

"आन् मी तुमची, ताई. तुम्ही मोठ्या, तुमचं कसं खोडू?"

मग दोघांच्या ध्यानात आलं. शेवटचं शेत धुरपदाबाईंचं आणि नवी लागणही त्यांचीच. कोणतीही ओळ ठेवली असती, तरी पहिलं पाणी त्यांनाच होतं.

ताईनं एक ओळ ठेवली, मी सुरू झालो आणि फोन वाजला. धुरपदाबाई खोरं घेऊन दारं धरायला, वाफ्यांत पाणी वळवायला धावल्या. बरीच रोपं सावरली, पण बांधाकडचे दोन वाफे गेले. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, एकमेकांचा मान जरूर राखा. पण माझ्या पोटातलं काही पुसण्याआधी एकमेकांना एक फोन करा. तेवढ्या एका फोनवाचून धुरपदाबाईंचे दोन वाफे वाळले.