विहिरीतून आलेली सवत

बोरगावच्या मळ्यातल्या उंबराखालच्या विहिरीचा गाळ उपसताना चांदीचं एक जुनं नाणं वर आलं, आणि घरची सून जयवंता हिच्या मागं भलतंच लचांड लागलं. तिचा नवरा तम्मण्णा बिजवर. त्याची पहिली बायको बायाक्का याच विहिरीत बुडून मेली होती. त्या दिवशी तम्मण्णा तंबाखू घेऊन निपाणीच्या बाजाराला गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. तिला बुडताना कुणीच पाहिलं नव्हतं.

नाण्याच्या एका अंगाला जाड मानेचा, डोक्याला पानं बांधलेला पुरुष. दुसऱ्या अंगाला बसलेली बाई, एका हातात काठी, दुसऱ्यात डहाळी. निपाणीच्या मास्तरांनी भिंग लावून सांगितलं, हा रोमचा बादशहा, नाणं दोन हजार वर्षांमागं व्यापाऱ्यांच्या जहाजातून इकडं आलेलं. पण सासूबाई मनुबाई कुठल्या ऐकायला? विहिरीतून बाई आली म्हणजे बायाक्काच आली. दुसरेपणाच्या बायकोनं गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे तिची चांदीची प्रतिमा, घालायचा असतो, तो या घरात कुणी केलाच नव्हता. म्हणूनच जयवंताची दोन पोरं पोटातच गेली, असं ठरलं. मेलेल्यांना भिण्यात आपल्या लोकांचा हात कोण धरणार!

सोनारानं नाण्याला कडी लावून त्याचाच टाक करून दिला. जयवंताला पुन्हा दिवस गेले होते. हे तरी पोर राहावं म्हणून ती टाकापुढं पहिला घास ठेवी, नवं लुगडं आधी त्याला दाखवी, आणि भीत भीत दिवस ढकली. तम्मण्णा मात्र टाकाकडं कधी बघत नसे. जेवायलाही तो तोंड फिरवून बसे.

एका दुपारी भाकरी वाढताना टाक पदराबाहेर आला. जयवंतानं तो त्याच्यापुढं धरला.

"अवो, बघा की. आक्काच्या हातात कसली डहाळी हाय?"

तम्मण्णाचा घास हातातच राहिला.

"उंबराची," तो म्हणाला. "सोडंनाच झालती. शेवटी मलाच मोडाय लागली."

बाजाराला गेलेल्या माणसाला हे कसं ठाऊक, हे जयवंताला कळायला वेळ लागला नाही. आपण इतके दिवस भलत्यालाच भ्यालो, हेही तिला कळलं. आपण काय बोलून बसलो ते तम्मण्णालाही उमगलं. त्यानं सावकाश हात धुतला.

"ऊठ," तो अगदी मायेनं म्हणाला. "तो टाक परत हिरीत टाकून येऊ. दोघंबी जाऊ."

पोटावर हात धरून जयवंतानं सासूला मोठ्यानं हाक मारली. सासू सकाळीच कोगनोळीला लेकीकडं गेली होती, हे हाक मारल्यावर तिच्या ध्यानात आलं.