‘कच्चे’ नावाचा फोल्डर

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मान वर करून सांगावे असे माझ्याकडे फारसे काही नाही, तरी सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात, धुळीच्या कणालाही प्रवेश नसलेल्या खोलीत झाला. पुढे एका घरात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, काळ्या पेटीत मला बसवले. पेटीत माझ्यासारखीच आणखी एक डिस्क होती. पेटी बसवणारा म्हणाला, “दोघींवर एकच मजकूर लिहिला जाईल. एक गेली तरी दुसरी आहेच.”

त्या घरातल्या आई हसल्या. “म्हणजे जावाजावाच की. एकीनं पडदे बदलले की दुसरीनं बदललेच.”

आई अंध मुलांच्या वाचनालयासाठी पुस्तके वाचून रेकॉर्ड करत. खिडकीवर जाड चादर टांगायची, दार लावायचे आणि वाचायला बसायचे. नंतर चुका कापून स्वच्छ प्रत त्या नेटवर्कवरून वाचनालयाच्या सर्व्हरकडे पाठवत. न कापलेले मूळ वाचन मात्र ‘कच्चे’ नावाच्या फोल्डरमध्ये आमच्याकडेच राही. त्यात अडखळणे असे, दाराची घंटा असे. “या माणसाला पूर्णविराम माहीत नाही वाटतं,” असा लेखकाला मारलेला टोमणा असे. “ए, दूध बघ गं, उतू जाईल,” असे मुलीला सांगणे असे. नऊ वर्षे मी हे सारे सांभाळले आणि मनातून फुशारले. स्वच्छ प्रती सगळ्यांच्या होत्या. कच्चे फक्त आमचे होते.

मग आई गेल्या.

महिन्याभराने मावशी बहिणीचे सगळे जुने फोटो पेनड्राइव्हवर घेऊन आल्या. पेटीत जागा उरली नव्हती.

“अगं, काहीतरी काढ ना त्यातलं,” मावशी म्हणाल्या.

मुलगी यादी बघत होती. “हे ‘कच्चे’ सगळ्यात मोठं आहे.”

“कच्चे म्हणजे?”

“चुकलेलं वाचन. चांगलं ते वाचनालयात आहे. आणि लागलंच तर दुसऱ्या डिस्कवर असेल की. एक गेली तरी दुसरी आहे, म्हणाला होता तो.”

तो म्हणाला ते खोटे नव्हते. पण ते डिस्क बिघडण्याबद्दल होते, पुसण्याबद्दल नव्हते. आम्ही एकमेकींचे सगळेच उचलतो, पुसणेसुद्धा. मुलीने बटण दाबले. मी पुसले, आणि त्याच क्षणी माझ्या जावेनेही पुसले.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढची आहे. डिलीट केले म्हणजे लगेच नाहीसे होत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पाने राहतात, तसेच हे. त्या दुपारी आईंचा आवाज अजून पुरता माझ्याकडे होता, फक्त त्या जागेवर ‘मोकळी’ अशी खूण होती. मग फोटो आले आणि मी ते तिथेच लिहीत गेले. आईंचेच फोटो, आईंच्याच आवाजावर. माझा दिवा सारा वेळ हिरवा होता.

चार दिवसांनी मुलीने वाचनालयातली एक स्वच्छ प्रत लावली. आई ज्वालामुखीवरचा धडा वाचत होत्या, कुठेही न अडखळता.

“मावशी, आवाज आईचाच आहे,” ती म्हणाली, “पण घरात अशी कुठं बोलायची ती?”

तिने पेटी उघडली, माझ्या जावेला बाहेर काढून तपासले. तिच्यावर जे होते तेच माझ्यावर होते.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना घेऊन ती पुसलेला डेटा परत मिळवून देणाऱ्या बाईंकडे गेली.

“डिलीट झाल्यावर पेटी बंद केली होतीत?” बाईंनी विचारले.

“नाही. फोटो टाकले.”

“किती?”

“मावतील तितके.”

बाईंनी आम्हा दोघींना टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाल्या, “ताई, ही जोडी म्हणजे आरसा. आरशापुढचं हललं की आरशातलंही हलतं. बॅकअप म्हणजे दुसरीकडे ठेवलेली, हात न लावलेली प्रत. बघते काय निघतं ते. या डिस्कनं मात्र घोळ घातला तुमचा.”

“तिला कशाला बोल? सांगितलं ते केलं तिनं. सांगणारी मी.”

बोल लावला असता तर बरे वाटले असते.

आठवड्याने सतरा सेकंद निघाले. त्यात शब्द नव्हता. पान उलटल्याचा आवाज होता, घसा खाकरणे होते आणि वाचायला सुरुवात करण्यापूर्वीचा एक श्वास. मुलीने ते तीनदा ऐकले आणि तीन निरनिराळ्या ठिकाणी ठेवायला सांगितले.

“एवढ्याशाला तीन प्रती?” बाई म्हणाल्या.

“चौथी कुठं ठेवता येईल, तेही सांगा.”

मित्रांनो, जे पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत दूर ठेवा आणि अधूनमधून ती उघडून ऐका. पुसण्याआधी आत काय आहे, तेही एकदा ऐका. माझ्या भरवशावर राहू नका. मला लिहिता येते, पुसता येते. ‘नाही’ म्हणता येत नाही.