डाव्या पारड्यातली यक्षी

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. बाजारातला नव्हे, काचेच्या पेटीत राहणारा, प्रयोगशाळेतला. माझ्या पारड्यात कधी कांदे-बटाटे पडले नाहीत. मिठाचे दोन कण टाकले तरी मला ते कळत. केरळात भारतप्पुळा नदीच्या काठी एक कॉलेज आहे. तिथल्या रसायनशाळेच्या मागच्या खोलीत मी पस्तीस वर्षं काढली. त्यातली पंधरा वर्षं मी खोटं बोललो. ते कसं झालं, हे तुम्हाला सांगायचं आहे.

मी घडलो तेव्हा माझ्या पितळी दांडीवर तीन धारा बसवल्या गेल्या. त्या अकीकाच्या होत्या. अकीक हा फार कठीण दगड, पण ठोका बसला की टवका उडणारा. मधल्या धारेवर दांडी तोलते आणि टोकांच्या दोन धारांवर पारडी टांगतात. म्हणून आमच्या घराण्याचा एकच नियम आहे. खालची मूठ फिरवून आधी दांडी विसावू द्यायची, मगच पारड्यात काही ठेवायचं किंवा काढायचं.

प्रयोगशाळेचे शिपाई कुंजप्पन हा नियम प्रत्येक नव्या मुलाला सांगत. सगळे त्यांना चेट्टन, म्हणजे दादा, म्हणत. सकाळी ते मऊ कुंचल्याने माझी धूळ झाडत. माझ्या पेटीत ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांची वाटी असे. तिकडच्या दमट हवेत ते खडे आठवड्यात गुलाबी होत. मग चेट्टन ते तव्यावर भाजून पुन्हा निळे करून आणत. "हा खरं बोलतो, कारण ह्याला कोरडं ठेवतो," असं ते मुलांना सांगत. मला ते शब्द फार आवडत.

तेव्हा मुकुंदन सर आमचं प्रॅक्टिकल घेत. ते हुशार होते, पण तासाला उशिरा येत आणि घरच्या शिकवणीसाठी लवकर निघून जात. एका दुपारी, खोली रिकामी असताना, ते रुमालात चार बांगड्या बांधून आले. बहिणीचं लग्न होतं आणि सोनाराच्या काट्यावर त्यांचा भरवसा नव्हता. माझी दांडी मोकळी होती, तरी त्यांनी मूठ फिरवली नाही. चारही बांगड्या त्यांनी वरून डाव्या पारड्यात सोडल्या.

टक् असा आवाज झाला. अगदी लहान.

दारात कुंजप्पन चेट्टन खड्यांची वाटी घेऊन उभे होते.

"सर, दांडी मोकळी होती."

"मग? तुटली का? काटा शून्यावर आहे, बघ."

"धार बघायला हवी, सर. नोंदवहीत लिहून ठेवू?"

"कुंजप्पा, तुझ्या कायम होण्याच्या कागदावर सही कुणाची लागते?"

चेट्टनांनी मान खाली घातली, वाटी जागेवर ठेवली आणि ते निघून गेले.

माझ्या डाव्या धारेचा टवका उडाला होता, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. त्या दिवसापासून डावं पारडं कधी योग्य जागी बसे, कधी केसभर बाहेर. बाहेर बसलं की तिकडचं सगळं जड वाटे. मी कधी खरं सांगे, कधी खोटं. कोणत्या वेळी काय सांगेन, हे मलाही ठाऊक नसे.

पुढच्याच महिन्यात एलिकुट्टी नावाची मुलगी माझ्यासमोर बसली. तिचे वडील होडी चालवत. ती चिमट्याने वजनं उचलायची तेव्हा श्वास रोखून धरायची. तिने ऑक्झॅलिक आम्लाची बाटली माझ्यावर ठेवली. एकदा १४.२१२ ग्रॅम भरली, पुन्हा ठेवली तर १४.२४२. ती बिचारी डोळे चोळून पुन्हा वजन करू लागली.

आमच्या कॉलेजात तेव्हा एक रीत होती, आणि ती सरांनीच पडू दिली होती. बरोबर उत्तर आधीच्या वर्षीच्या जर्नलांतून सगळ्यांना माहीत असे. मुलं त्या उत्तरावरून मागे जात आणि आकडे बसवत. वजनं घेतल्यासारखी करत, वह्या भरत, सही घेत. एलिकुट्टीने जे दिसलं तेच लिहिलं. सगळ्या वर्गात तिचं एकटीचं उत्तर चुकलं.

मधल्या दारातून सरांचा आवाज मला ऐकू येत होता.

"अगं, होडीत बसून वजन केलंस की काय?"

वर्ग हसला.

"सर, तराजूचं शून्य हलतं."

"शून्य हलत नाही, तुझं डोकं हलतं. आकडा फळ्यावर लिहिलाय. उतरव आणि चल."

"पण मला तो आकडा आला नाही, सर."

सरांनी तिच्या जर्नलवर सही केली नाही. सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. ती तीन वेळा सही मागायला आली, तिन्ही वेळा ते जर्नल टेबलावर आपटून बाहेर गेले. चौथ्या दिवशी ती आलीच नाही. जर्नल तिथेच पडून राहिलं. चेट्टनांनी ते उचललं आणि नोंदवह्यांच्या कपाटात ठेवलं.

मित्रांनो, खोटा मी होतो आणि शिक्षा तिला झाली. मला ओरडून सांगायचं होतं. पण तराजूला तोंड नसतं, काटा असतो. आणि माझ्या काट्याकडे कुणी पाहत नव्हतं.

त्यानंतर खोलीत एक गोष्ट पसरली. पारडी रिकामी, पंखा बंद, पेटीची दारं लावलेली, तरी कधी कधी माझं डावं पारडं हळूच खाली जाई. मुलं म्हणू लागली, डाव्या पारड्यात यक्षी, म्हणजे तिकडची हडळ, बसते. कुणी म्हणे ती शुक्रवारी येते. कुणी आवाज खाली आणून म्हणे, ती नदीत गेलेली होडीवाल्याची मुलगी आहे. हे ऐकलं की चेट्टनांच्या हातातला कुंचला थांबे. हे सगळं त्या टवक्यामुळे, हे मला माहीत होतं. तरीही पारडं खाली गेलं की मलाही वाटे, कुणीतरी श्वास रोखून इथे बसलं आहे आणि आपलं वजन नोंदवलं जाण्याची वाट पाहत आहे.

अशी पंधरा वर्षं गेली. शेकडो जर्नलांवर सह्या झाल्या. माझं खोटं त्यातल्या एकाही वहीत सापडलं नाही.

मग सफिया आली. ही मुलगी विचित्रच होती. एकच बाटली तिने दहा वेळा ठेवली, दहा वेळा काढली, प्रत्येक वेळी मूठ फिरवून, नियमाने. तिची जोडीदार सुमा कंटाळली.

"यक्षीचं वजन घेतेस की काय?"

"घेतेय. तीस मिलिग्रॅम भरलं."

"अगंबाई! इतकी बारीक?"

"दहापैकी चारदा बसते, सहादा नाही. मधला आकडा एकदाही येत नाही. भूत असतं तर असं मोजून-मापून बसलं असतं का? काहीतरी मोडलंय, सुमा."

मुकुंदन सरांच्या केसांत आता पांढरं होतं. आवाज तोच होता.

"सगळ्यांचं उत्तर येतं, तुझंच का येत नाही? तुम्हा लोकांना घरी स्वयंपाक शिकवतात तोच बरा."

सफियाचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही. "सर, एकदा तुम्ही स्वतः तराजू तपासाल का?"

"सही हवी की तपासणी?"

"दोन्ही, सर."

त्यांनी जर्नल तिच्या पायाशी फेकलं. परीक्षेला नऊ दिवस होते.

त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ बसून रडली. मला भीती वाटली, ही पण उद्या येणार नाही. माझं डावं पारडं तेव्हा खालीच होतं. पण तिने नाक पुसलं आणि एक कोरा कागद काढला. तारीख, वेळ, सर काय म्हणाले, कोण कोण हजर होतं, असं एकेक लिहिलं. विशेषणं नाहीत, फक्त घडलेलं. मग तिने कपाट उघडून जुन्या नोंदवह्या काढल्या. तराजू कधीपासून असा आहे, हे तिला पाहायचं होतं.

पंधरा वर्षांपूर्वीच्या वह्यांत एक जर्नल निघालं आणि ती थांबली. बारीक अक्षरात लिहिलं होतं: १४.२१२, १४.२४२, १४.२४२, १४.२१२. खाली होतं, "शून्य हलतं. सरांना सांगितलं. एलिकुट्टी." आणि त्याखाली लाल शाईत सरांचा शेरा, "निष्काळजी विद्यार्थिनी."

"चेट्टा," सफियाने हळूच विचारलं, "ही कोण?"

कुंजप्पन चेट्टन दारातच खाली बसले. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. "त्या दिवशी मी बोललो असतो तर, पोरी..." त्यांनी बांगड्यांची सगळी हकिकत सांगितली. "लिही," ते म्हणाले. "खाली माझी सही घे."

कागदावर तीन सह्या झाल्या. तिसरी सुमाची होती. दुसऱ्या दिवशी तो कागद वाचून विभागप्रमुख अंबुजाक्षी टीचर स्वतः माझ्यासमोर बसल्या. त्यांनीही बाटली दहा वेळा ठेवली. मग भिंगातून माझी डावी धार पाहिली आणि सरांना बोलावून घेतलं.

"मुकुंदन, पंधरा वर्षं तुम्ही कशावर सह्या करत होता?"

सरांकडून प्रॅक्टिकल काढून घेण्यात आलं आणि चौकशी बसली. नव्या तराजूवर सफियाचं उत्तर आलं, फळ्यावरच्या आकड्याच्या अगदी जवळ, पण तिचं स्वतःचं. तिच्या जर्नलवर टीचरांची सही झाली.

टीचरांनी आणखी एक सही केली, एलिकुट्टीच्या जर्नलवर. सोबत एक पत्र लिहिलं: "तुमचे आकडे बरोबर होते. आमचा तराजू चुकीचा होता. आम्हीही." जर्नल आणि पत्र पाकिटात घालून, तिचा जुना पत्ता लिहून चेट्टनांनी ते स्वतः पोस्टात नेलं.

तीन आठवड्यांनी ते पाकीट परत आलं. वर पोस्टमनने लिहिलं होतं, "या घरी राहत नाही. लग्नानंतर दुसरीकडे राहायला गेली. पत्ता माहीत नाही."

चेट्टनांनी ते तीनदा वाचलं. मग डोळे पुसत मला म्हणाले, "ऐकलंस का? राहायला गेलीय. कुठेतरी राहतेय."

आता मी निवृत्त आहे. कोपऱ्यात उभा असतो आणि ते पाकीट माझ्या पेटीत निळ्या खड्यांच्या वाटीशेजारी ठेवलं आहे. खडे आता कुणी भाजत नाही. ते कायमचे गुलाबी झाले आहेत. डावं पारडं अजूनही कधी कधी खाली जातं.

मित्रांनो, तुमच्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. पण एखाद्याला खोटं ठरवण्याआधी तुमचा तराजू तपासा. कुणी मोठ्या माणसाने तुमच्यावर अन्याय केला, तर त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवा आणि ज्याच्यावर भरवसा आहे त्याला सांगा. काही पाहिलं असेल, तर पंधरा वर्षं थांबू नका.

आणि कधी नदीपलीकडच्या एखाद्या गावात एलिकुट्टी नावाची बाई भेटली, तर तिला सांगा, तिचं वजन नोंदवलं गेलं आहे. ते बरोबर भरलं होतं.