सहावी खाच

मोटार कुंथली, घर्रर्र असा आवाज काढला आणि जागची हलेना. पुन्हा सहाव्याच खाचेला!

"तुझ्या आयला तुझ्या!" म्हणून मी टेबलावर पाना आपटला. सकाळपासून सातवा तुकडा वाया गेला होता.

हे मशीन मी स्वतः बनवलेलं. भंगारातले चौकोनी पाईप, पुण्याहून मागवलेल्या स्टेपर मोटारी आणि एक जुना कॉम्प्युटर. मोटारीनं लांब स्क्रू फिरवायचा, स्क्रूवरचा पितळी नट पुढं सरकायचा आणि त्याच्याबरोबर कटर. मोटार मध्येच अडली तर कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नसतो. सांगितलं तेवढी ती फिरली, असं धरून तो पुढची खाच भलत्याच जागी मारून मोकळा होतो.

काम होतं पेरणी यंत्राच्या चकत्यांचं. प्लॅस्टिकची जाड चकती, काठाला दहा खाचा, एका खाचेत एक दाणा. आयटीआयला मला शिकवलेले अँड्र्यू सर आता नगरला पेरणी यंत्रं बनवतात. "वाल्मिक, सोमवारी पाचच्या आत चार चकत्या आणून दाखव," त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. "पसंत पडल्या तर वर्षभराचं काम तुझं. नाहीतर मी दुसरा माणूस बघणार. रब्बीची पेरणी माझ्यासाठी थांबत नाही." आज सोमवार होता.

आणि आजच दुपारी मुकादम नावं लिहायला पारावर येणार होता. दसरा झाला की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आण्णा आणि आईचा कोयता वीस वर्षं चालला. गेल्या साली आण्णांचा मणका गेला म्हणून मी आणि रोहिणी गेलो. तिच्या पोटातलं तिकडं उसाच्या फडातच गेलं. आता तिला परत पाचवा महिना होता. चकत्या झाल्या नाहीत तर ह्या पोटानं तिला डोक्यावर मोळ्या वाहायला लागणार होत्या. जाऊ नको म्हणायला माझं तोंड होतं, पण मग खायचं काय?

शनिवारी नुसती चाचणी घेतली, तेव्हा मशीन कसं झकास चाललं होतं! अख्खी आळी बघायला जमली. कुणी व्हिडिओ काढला, कुणी म्हणालं, "वाल्मिकनं कंपनीच काढली की!" आणि रविवारी सकाळी जे अडलं ते अडलंच. मी मोटारीला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरचा करंट वाढवला, तर मोटार इतकी तापली की हाताला चटका बसला. करंट कमी केला, वेग निम्म्यावर आणला. वायरी बदलल्या. इकडची मोटार तिकडं लावली, तिकडची इकडं. लाईटचा दाब कमी असेल म्हणून शेजाऱ्याच्या घरातून वायर ओढली. काही करा, पाच खाचा सरळ, आणि चकतीच्या पार पलीकडच्या टोकाला, सहाव्या खाचेला गेली की घर्रर्र.

आण्णा दारात बाजेवर बसून बघत होते. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. कालपासून होती; विचारलं तर खुरपं लागलं म्हणाले होते.

"जरा दम खा," ते म्हणाले. "नजर लागली आसंल. उतरंल."

माझं डोकंच फिरलं. "नजर? तुमचीच लागली, आण्णा! पहिल्या दिवसापासनं माझ्या मशीनला डबडं म्हणताय. बंद पडलं बघा डबडं. झालं ना मनासारखं?"

"आवं, काय बोलताय!" रोहिणी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

आण्णांनी टोपी घातली, कमरेवर हात ठेवून हळूहळू उठले आणि निघून गेले. मी हाक मारली नाही. मला राग होता आणि तो कुणावर तरी काढायचा होता, एवढंच.

सव्वाबाराला लाईट गेली.

मग मात्र माझा धीर सुटला. मशीनशेजारी भुईवर बसलो आणि खोटं कशाला सांगू, रडलो. रोहिणी जवळ येऊन बसली.

"मी येते की फडावर," ती म्हणाली. "हळूहळू उचलीन मोळी. त्यात काय येवढं?"

तिच्याकडं बघायची मला लाज वाटली. तोंड फिरवलं आणि हाताला चाळा म्हणून स्क्रूचं टोक फिरवत बसलो. लाईट असली की मोटार स्क्रूला घट्ट धरून ठेवते, हातानं तो हलत नाही. म्हणून दोन दिवसांत मी तो एकदाही हातानं शेवटपर्यंत फिरवला नव्हता. पहिल्यांदा करायची गोष्ट ती, आणि मी शहाणा वायरी हुंगत बसलो होतो.

नट सरकत सरकत सहाव्या खाचेपाशी आला आणि हाताला कच्चकन अडला. लाईट नव्हती, करंट नव्हता, तरी अडला.

"रोहिणी, मोबाईलची बॅटरी लाव!"

मी टेबलाखाली पाठीवर सरकलो. स्क्रूच्या खालच्या पाईपाला, आतल्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी काळ्या चिंधीची पुरचुंडी बांधलेली होती. नटाचा कोपरा बरोबर तिच्यावर येऊन रुतत होता. मी ती जपून सोडवली. आत बिब्बा होता. नजर लागू नये म्हणून बांधतात तो.

गाठ सोडवतानाच माझे हात थांबले होते. दोन पीळ आणि टोक आत खोचलेलं. मोळी बांधायची गाठ. वीस वर्षं उसाच्या वाढ्यानं, शेंड्याकडच्या पाल्यानं, हीच गाठ मारलेला माणूस आमच्या घरात एकच होता. आणि बिब्ब्याचं तेल लागलं की कातडीवर फोड उठतात. कसलं खुरपं नि कसलं काय!

"शनवारी समदी गेल्यावर आण्णा हितंच हुते," रोहिणी हळूच म्हणाली. "मला म्हनले, मशीनची धूळ पुसतोय."

पाऊण तासानं लाईट आली. पाचवी खाच झाली. सहावी आली, मी कान देऊन ऐकलं. सहावी झाली! सातवी, आठवी, दहावी. मी दुसरी चकती लावली, बंद करायचं लाल बटण रोहिणीला दाखवलं आणि पहिली चकती हातात घेऊन पाराकडं पळत सुटलो.

पारावर मुकादम वही उघडून बसला होता. त्याच्यासमोर आण्णा ताठ उभे होते, इतके ताठ की मला लांबूनच त्यांचा मणका ठणकताना दिसला.

"ल्ह्या की," ते स्वतःचं आणि आईचं नाव देत होते. "सूर्यभान आन् कडूबाई, एक कोयता. सून येनार न्हाई यंदा. तिचं नाव घ्यायचं न्हाई."

"सूर्यभाननाना, मणक्याचं काय?"

"बरा झालाय."

"मग जरा वाकून दाखवा."

आण्णा वाकले. अर्ध्यात कळ आली, हात गुडघ्यावर गेला, आणि त्यांना वर येता येईना. पारावरची माणसं दुसरीकडं बघायला लागली.

मी जाऊन त्यांना बखोटीला धरून उभं केलं. "आमचा कोयता न्हाई यंदा," मुकादमाला म्हणलं. "लिहिला आसंल तर खोडा."

सर काय म्हणतील ते पाच वाजता कळणार होतं, तीन चकत्या अजून व्हायच्या होत्या. पण हे बघितल्यावर दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.

वाटेत आण्णांनी चकती मागून घेतली. चिंधी बांधलेल्या अंगठ्यानं एकेक खाच मोजली. दहा भरल्या.

"चाललं?"

"चाललं, आण्णा." मघाच्या बोलण्याची माफी मागायची होती, पण नुसता त्यांचा हात धरून चालत राहिलो.

त्यांनी मागंपुढं बघितलं आणि आवाज खाली आणला. "टेबलाखाली एक वस्तू हाय. ती काढली न्हाईस न्हवं? तिच्यामुळंच नजर उतरली बघ."

माझ्या खिशात ती काळी पुरचुंडी होती. तिच्यावर मी मूठ घट्ट आवळली.

"न्हाई, आण्णा," मी म्हणलं. "हाय तिथंच हाय."