आरती संपेपर्यंत

मी एक समुद्री डिझेल इंजिन बोलतोय. समुद्र मी पाहिलेला नाही. कारखान्यात माझ्या अंगावर ‘मरीन’ असं कोरलेली पितळी पट्टी ठोकली आणि मला मध्य प्रदेशातल्या बालाघाटला पाठवलं. इथून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र येण्याआधी माणसाची रजा संपते.

मी लहानसा, दोन सिलिंडरचा. आधी एका तलावावरच्या सहलीच्या नावेत होतो. लोक माझ्या आवाजाला नावं ठेवत आणि लगेच स्वतः गायला लागत. पुढे सहली थांबल्या आणि नावेसकट मला त्र्यंबकरावांनी घेतलं.

त्र्यंबकराव पाटबंधारे खात्यात होते. सारी नोकरी त्यांनी वैनगंगेचं पाणी कागदावर मोजलं. ते खरंच ओलं असतं का, हे निवृत्तीनंतर बघावंसं वाटलं असेल. पण खरं कारण प्रेमलताबाई. त्यांचं माहेर पलीकडच्या काठावर, थोडं खाली. बसनं जायचं तर मोठा वळसा, माझ्यावर बसलं की सरळ. माझ्या लाकडी झाकणावर बसून त्या वाटभर माझ्या धुराची तक्रार करत. प्रवास त्यांना आवडत असावा. न आवडणाऱ्या गोष्टींबद्दल त्या बोलतच नसत.

खांडेनवमीला त्यांचा एक नियम असे. यंत्राला कुंकू लावलं की ते सुरू करायचं आणि आरती संपेपर्यंत बंद करायचं नाही. मुकं यंत्र देवीपुढे ठेवू नये, म्हणत. मग मिक्सर रिकामाच गरगरे, शिलाई मशीन कापडावाचून टाके घाली, स्कूटर अंगणभर धूर करी. मीही धडधडत असे, पण मी पाण्यात उभा असे.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्र्यंबकराव रडले नाहीत. चहा घेतला, पेपर वाचला, भेटायला आलेल्यांसाठी थंडीतही पंखा लावून दिला. नाव काठावर ओढली गेली आणि मी डोमाजी नावाड्याच्या छपराखाली आलो. त्याच्या कोंबडीनं माझ्यावर बसायला सुरुवात केली. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसांत कोणालाच कशाचं काही वाटत नव्हतं.

पावसाळ्यात पुण्याहून मुलगा आला, रजत.

“बाबा, एकटे काय करून राह्यले तुम्ही इथं? चला ना माझ्यासोबत.”

“नाव आहे न इथं.”

“इंजिन बंद पडलंय, बाबा. नाव कसली?”

“चालवीन.”

रजतनं वाद घातला नाही. “ठीक है. दसऱ्याला नाव पाण्यात चालली, तर मी परत हा विषय काढणार नाही. नाही चालली, तर बॅग भरायची. डन?”

“डन,” त्र्यंबकराव म्हणाले. सरकारी टिपणीबाहेर त्यांनी वापरलेला हा बहुधा पहिला इंग्रजी शब्द.

गावात ट्रॅक्टरचे मिस्त्री पुष्कळ. एकानं माझी पितळी पट्टी वाचली आणि म्हणाला, “समुंदर का है, समुंदर में दिखाओ.” तेव्हा त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला, माझं माहितीपुस्तक उघडलं आणि स्वतःच हात घातला. माझं काळं तेल काढलं, फिल्टर बदलले, टाकीच्या तळचं पाणी सोडलं. सगळं नीट, क्रमानं, फाईल निकालात काढावी तसं. हात काम करत होते. माणूस दुसरीकडे कुठेतरी बसला होता.

डिझेलच्या नळीत हवा अडकली की मी सुरू होत नाही. ती काढायला एक स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप दाबत बसावं लागतं. डोमाजी बघत होता.

“भाऊ, हे काहून थुकून राह्यलं?”

“हवा काढून राह्यलो त्याची.”

“हवा त आपल्यालेबी लागते न.”

“त्याले नाई लागत.”

“मंग बरं आहे त्याचं,” डोमाजी म्हणाला आणि बिडी पेटवली.

राहिला पाण्याचा पंप. नदीचं पाणी ओढून तो मला थंड ठेवतो. त्यात रबरी पाकळ्यांचं एक चाक असतं. पाण्यात ते मजेत फिरतं, कोरडं फिरलं की जळतं. जुनं चाक तुटलं होतं. मुंबईहून नवं यायला पितृपक्ष उलटला. पुस्तकातली तांबड्या अक्षरांतली सूचना त्र्यंबकरावांनी डोमाजीला दोनदा वाचून दाखवली.

“पाण्याबाहेर हे चालू करायचं नाही. समजलं?”

“हौ भाऊ. मी काहून करीन चालू? मले भेव वाटते त्याचं.”

खांडेनवमीला रजत आला. नाव काठावर ओंडक्यांवर तयार होती. दुसऱ्या दिवशी दसरा, तेव्हा पाण्यात उतरवायची. त्र्यंबकरावांनी मला पुसलं, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. डोमाजीनं नारळ फोडला. रजतनं कापूर पेटवला. आणि घंटा उचलता उचलता त्र्यंबकरावांच्या दुसऱ्या हातानं चावी फिरवली. इतक्या वर्षांची सवय. हातानं कोणाला विचारलं नाही.

मी पहिल्याच झटक्यात सुरू झालो.

“चालू झाली! भाऊ, चालू झाली!” डोमाजी ओरडला. रजतचा चेहरा पडला, पण भला मुलगा, त्यानं तो लगेच उचलला. आरती सुरू झाली.

पहिलं कडवं संपताना त्र्यंबकरावांची नजर माझ्या पाण्याच्या नळीकडे गेली. ती हवेत लोंबत होती. त्यांना समजलं. मला दिसलं की त्यांना समजलं. पाठोपाठ रबराचा वास आला.

“बाबा, कुछ जल रहा है!” रजतनं मला बंद करायला हात पुढे केला.

त्र्यंबकरावांनी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हातातली घंटा थांबली नाही. सूचना दोनदा ऐकलेला डोमाजी टाळ्या वाजवाव्यात की नाही अशा बेतानं वाजवत राहिला. गणपतीची झाली, देवीची झाली. प्रेमलताबाई एकही कडवं गाळत नसत. यांनीही गाळलं नाही. मग त्यांनी मला बंद केलं.  

“माहीत होतं न तुम्हाला?” रजतनं विचारलं.

“हौ.”

“मग बंद काहून नाही केलं?”

“मधातच बंद करू दिलं असतं का तिनं?”

हिवाळ्यानंतर त्यांच्या तोंडी त्या पहिल्यांदा आल्या. रजत ओंडक्यावर बसला आणि रडला. त्र्यंबकरावांनी त्याला डोळे पुसायला फडकं दिलं, माझं, तेलाचं.

“नवीन चाक मागवू, बाबा. दसरा-बिसरा कॅन्सल. तुम्ही राहा इथं.”

“ठरलं ते ठरलं.”

दसऱ्याला त्यांनी मला लांबच्या मुक्कामासाठी तयार केलं. पंपातून जळलेल्या पाकळ्या वेचून काढल्या. सिलिंडरांत तेल सोडलं, हवेच्या तोंडाला कापड बांधलं. डोमाजीला बजावलं, “चालू नको करू. फक्त हप्त्यातून एकदा हँडलनं हातानं फिरव. नाहीतर आतून धरून बसते.” मग हात धुतले आणि रजतच्या मागोमाग गेले.

आता मी पुन्हा छपराखाली आहे. कोंबडीनं जुनी जागा घेतली आहे. दर रविवारी त्र्यंबकरावांचा फोन येतो. “हौ भाऊ, फिरवली,” डोमाजी खाटेवर पडल्या पडल्या सांगतो. मला साक्षीला कोणी बोलावत नाही.

मागच्या महिन्यात पुण्याहून एक लहान पार्सल आलं. आत नवं चाक. डोमाजीनं त्याला कुंकू लावून खुंटीला टांगलं आणि रविवारी फोनवर विचारलं,

“भाऊ, हे बसवू कुठं?”

“बसवू नको. मी येतो.”

“कधी?”

 “तू फिरवत जा,” तिकडून एवढंच आलं.

तेव्हा वाचकहो, या काठाला कधी आलात तर छपरात डोकावून जा. डोमाजी झोपलेला असेल, त्याला उठवू नका. कोंबडीला मात्र उठवावं लागेल. हँडल माझ्या उजव्या अंगाला आहे. मला चालू करू नका. दोन्ही हातांनी नुसता अर्धा फेरा द्या. येतो म्हणालेला माणूस आलाच, तर त्याच्या हाताखाली मी फिरलो पाहिजे.