कोरा बेलच्या छत्र्या

नॅडीन विंगेट रागावली की आवाज चढवत नाही. पक्कड काढते आणि तार कापायला बसते. त्या ऑक्टोबरात तिच्या शेडमधून पक्कडीचा कटकट आवाज इतका यायचा, की माझ्या दुकानात बर्फ घ्यायला आलेले लोकही आपोआप हळू बोलायचे.

माझं दुकान धक्क्याच्या तोंडाशी आहे. बर्फ, डिझेल, हातमोजे, सकाळी स्क्रॅपलचं, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तळलेल्या वडीचं, सँडविच. कोणत्या बोटीने किती डिझेल जाळलं यावरून मासा कुठे सरकलाय ते मला कळतं. आणि कोणाला बघून कोण कॉफी अर्धी टाकून निघून जातो यावरून बाकीचं कळतं. त्या महिन्यात नॅडीनने माझ्याकडे बरीच कॉफी अर्धी टाकली, आणि दर वेळी दारातून तिचा भाऊ कर्बी आत येत होता.

कारण असं. चर्चमधल्या कालवांच्या जेवणाला त्यांच्या बापाने, म्हाताऱ्या ऑर्व्हिल विंगेटने, उभं राहून सांगितलं, की आता गुडघे ऐकत नाहीत, आपली बोट 'कोरा बेल' कर्बीला देतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ऑर्व्हिल म्हणाला, "नॅडीन बोटीवर आहेच." इंजिन बोटीबरोबर येतं ना, त्या सुरात. नॅडीन तेव्हा हातात कालवांचं ताट घेऊन त्याच्याच मागे उभी होती. तिने ताट त्याच्यासमोर ठेवलं, शेजारी लिंबूही ठेवलं, आणि घरी गेली.

बारा वर्षं ती बापाच्या बोटीवर खलाशी होती. कॅप्टनचा परवाना तिने कधीचाच काढलेला. कर्बीनेही काढला होता, पण तो तिकडे सॉल्सबरीत पिकअप ट्रक विकत होता आणि वर्षातून दोनदा येऊन बोटीवर फोटो काढून घेत होता.

आता छत्री. आमच्या चेसापीक खाडीत ज्याला छत्री माहीत नाही तो गिऱ्हाईक, म्हणजे पैसे देऊन बोटीवर मासे धरायला येणारा, आणि गिऱ्हाइकांना मी हे रोज सांगतो. मधे शिशाचा गोळा, त्यातून चारी बाजूंना तारेच्या काड्या, काड्यांना लोंबणारे रबरी मासे. बोट हळू चालवत हे पाण्यातून ओढायचं. खालून बघणाऱ्या रॉकफिशला वाटतं, छोट्या माशांची झुंड चाललीय. पट्टेवाल्या बास माशाला आम्ही रॉकफिशच म्हणतो, दुसरं नाव बाहेरच्यांचं. गंमत अशी की त्या झुंडीतल्या बहुतेकांना गळच नसतो. ते नुसतं सोंग. गळ असतो तो मधल्याला, जो लांब दोरीवर सगळ्यांच्या मागे रेंगाळतो. मोठा मासा झुंडीवर नाही, रेंगाळणाऱ्यावर झडप घालतो.

कोरा बेलच्या सगळ्या छत्र्या नॅडीनच्या हातच्या. रबरी मासे ती स्वतः साच्यात ओतते. त्या शेडमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास असतो आणि तिच्या बाहीवर पांढरे थेंब.

"मिस्टर पर्नेल," ती मला एकदा म्हणाली, "बाबांना वाटतं मी बिनगळाची आहे. शोभेला लावलेली."

"मग तसं सांग त्यांना."

"त्यांना दिसत नाही का? डोळे गेलेत की काय? गुडघेच गेलेत ना?" आणि कटकट, कटकट.

आमच्या धक्क्यावर चावी अशी हातात देत नाहीत. आधी एक फेरी होते. नवा कॅप्टन चाक धरतो. इतर बोटींचे कॅप्टन गिऱ्हाईक होऊन बसतात आणि गिऱ्हाइकांसारखेच बिनडोक प्रश्न विचारतात. जुना कॅप्टन मागे खुर्चीत बसतो, आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही. एक शब्द बोलला तर फेरी बाद. मग नव्या कॅप्टनने सबंध एक हंगाम खलाशी म्हणून काढायचा, आणि चाक पुन्हा सगळ्यांना खुलं. कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडलेलंही नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी कर्बीची फेरी निघाली. मलाही बोलावलं होतं, बर्फ माझा म्हणून. थॅड मेसिक होता, ज्याच्या दोन बोटी आहेत आणि दोन्हींवर त्याला भरवसा नाही. आणखी दोघे कॅप्टन होते. ऑर्व्हिल गोधडी गुंडाळून मागच्या खुर्चीत.

"कॅप्टन, इथे शार्क आहेत का?" मेसिकने सुरुवात केली.

"आहे एक. उधारीवर बर्फ नेतो," मी म्हटलं. ऑर्व्हिल हसला, पण आवाज न काढता.

नॅडीनने आठ छत्र्या सोडल्या. जड जवळ, हलकी लांब, प्रत्येक दोरी मोजून, म्हणजे एकीच्या वाटेत दुसरी येत नाही. ते बघणं म्हणजे एखादी बाई केस विंचरताना बघण्यासारखं, घाई नाही आणि थांबणंही नाही. मग ती चाकाजवळ गेली.

"कर्बी, मासा लागला तरी बोट थांबवायची नाही. थोडा वेग कमी कर, बस. वळलास तर मोठं वळण घे. आतल्या बाजूच्या छत्र्या बुडतात."

"नॅडी, मला चालवता येतं."

"एका दोरीची बोट येते तुला. या आठ आहेत. खाली कालवांचा खडक आहे."

"ऐकलं," कर्बी म्हणाला, पण मेसिककडे बघत.

अर्ध्या तासात डावीकडची गळाची काठी वाकली. वाकली म्हणजे कशी, मेसिकसारखा माणूस 'आईशप्पथ' म्हणाला. मी जवळ होतो म्हणून काठी माझ्या हातात आली. रीळ ओरडायला लागलं. आणि मला पायाखाली कळलं की इंजिनचा आवाज बदलला.

कर्बीने वेगाचा दांडा पार मागे ओढला होता. मला मदत करायला. ट्रक विकणाऱ्याची सवय, गिऱ्हाईक खूश झालं पाहिजे.

"चालू ठेव," नॅडीन म्हणाली. "कर्बी, चालू ठेव. कर्बी."

बोट थांबली, आणि शिशाचे सगळे गोळे सरळ खाली गेले. माझा मासा, जो कोणी होता तो, बाकीच्या सात दोऱ्यांच्या खालून गेला, मग वरून गेला, मग गेला. मग कर्बी घाबरला आणि त्याने एकदम वेग दिला, तेही वळत. खडकाने धरून ठेवलेल्या छत्र्या एकमेकींत शिरल्या. आठ काठ्या एकाच दिशेला वाकल्या. ते दृश्य मी पुन्हा पाहणार नाही अशी आशा आहे.

ओढून वर आलं ते एक मोठं घरटं होतं. काड्या, तारा, कालवांचे तुकडे, आणि मधे नॅडीनचे पांढरे मासे माना मोडून पडलेले.

पहिला बोलला तो कर्बी, सगळ्यांसमोर, चाक सोडून मागे येऊन.

"किती दोरी सोडली होतीस तू? कोणी सांगितलं होतं एवढी सोडायला? माझ्या फेरीचा सत्यानाश केलास."

नॅडीनने त्याच्याकडे बघितलंच नाही. तिने बापाकडे बघितलं.

मीही बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. ऑर्व्हिलने छत्र्या ओढत चाळीस वर्षं काढली होती. बोट कोणी थांबवली ते त्याने पाठीने ओळखलं असणार. एक शब्द पुरला असता. 'कर्बी' एवढाही चालला असता, नुसतं खाकरणंसुद्धा आम्ही शब्द म्हणून धरलं असतं. मी तर मनात म्हणत होतो, खाकर, म्हाताऱ्या, थंडी आहे, कोणी दोष देणार नाही.

ऑर्व्हिलने गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि किनाऱ्याकडे बघत राहिला.

मला राग फार येत नाही. दुकानदाराला परवडत नाही. पण त्या दिवशी येताना मी हातातलं सँडविच पाण्यात फेकलं, आणि ते ऑर्व्हिलच्या डोक्यावर फेकलं नाही एवढंच.

बोट धक्क्याला लागली. दोर बांधला. ऑर्व्हिल उठला, खिशातून चावी काढली आणि कर्बीच्या हातात दिली. मग त्याने तोंड उघडलं, दिवसभरात पहिल्यांदा.

"नॅडीन, ते सोडव, पोरी. उद्या गिऱ्हाईक आहे."

नॅडीनने ते घरटं दोन्ही हातांनी उचललं. दोन गळ तिच्या बाहीत रुतले, तिने ते तसेच ठेवले. ती चाकाजवळ गेली आणि सगळं कॅप्टनच्या खुर्चीवर ठेवलं, नीट, जेवणाचं ताट ठेवावं तसं.

"चावी त्याची," ती म्हणाली. "हेही त्याचंच."

"अगं पण सगळ्या छत्र्या..." कर्बी म्हणाला.

"शेडमध्ये चाळीस आहेत. माझ्या आहेत." मग तिने पक्कडीने बाहीतले गळ कापून काढले आणि चालू लागली.

मेसिक तिच्या मागे माझ्या दुकानापर्यंत आला. दारात उभा राहून टोपी हातात फिरवत होता. एरवी हा माणूस चर्चमध्येही टोपी काढत नाही.

"माझ्या दुसऱ्या बोटीवर माणूस हवाय," तो म्हणाला.

"खलाशी म्हणून मी कुठेच जाणार नाही, थॅड."

"खलाशी आहे माझ्याकडे. गाढव आहे, पण आहे. चाकावर कोणी नाही."

त्या दिवशी नॅडीनने कॉफी पूर्ण प्यायली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी कुलूप काढत होतो. कोरा बेलच्या मागच्या खुर्चीत ऑर्व्हिल बसला होता, तीच गोधडी, आणि मांडीवर ते घरटं. कर्बी गिऱ्हाइकांना फोन करून सांगत होता की हवा बिघडलीय. हवा काचेसारखी स्वच्छ होती. म्हाताऱ्याची बोटं रक्ताळली होती. एक काडी सुटली की दोन अडकत होत्या.

नॅडीन बादली आणि खांद्यावर चार नव्या छत्र्या घेऊन धक्क्यावरून आली. बापाशेजारून जाताना तिने पाऊल हळू केलं नाही.

"नॅडीन," तो म्हणाला. "कुठून सुरुवात करू? मधला आधी काढायचा की काड्या?"

ती थांबली. मला वाटलं आता बादली खाली ठेवेल. आयुष्यभर तिने ती ठेवलीच होती.

"बाबा, आज बोलताय," ती म्हणाली. "काल एक शब्द मागितला होता."

"रीत आहे पोरी ती. आपली रीत आहे."

"हो. मी बघितली तुमची रीत."

ती पुढे गेली. मेसिकची बोट तिने मागे घेतली, मोठं वळण घेतलं, धक्क्यापासून इतकं लांबून की कोरा बेलला लाटही लागू दिली नाही. ऑर्व्हिल ती बोट खाडीच्या तोंडाशी जाईपर्यंत बघत होता. मग तो मधला मासा काढायला लागला, आणि ते चुकीचं होतं. काड्या आधी काढायच्या असतात. मला माहीत होतं. मी दुकान उघडायला आत गेलो.