चार दिवस पाण्याखाली

मित्रांनो, माझ्याकडे बघून उगाच हळहळू नका. मी एक जुनी लाकडी नाव आहे. म्हातारी म्हणा, चालेल. मोडकी म्हटलेलं मात्र मी ऐकून घेणार नाही.

एका सुताराने मला या सरोवराच्या काठावरच घडवलं आणि माझं बूड मुद्दाम सपाट ठेवलं. उन्हाळ्यात मी पाहुण्यांना पलीकडच्या बेटावर नेते. तिथे दगड फोडणाऱ्या कामगारांची ओस पडलेली वस्ती आहे, शाळेची एक खोली आहे, आणि तिच्या भिंतीवर मुलांनी खिळ्याने कोरलेली नावं आहेत. हिवाळ्यात सरोवर गोठलं की माझ्या बुडाला लोखंडी पट्ट्या ठोकतात आणि मासे धरणारे लोक मला बर्फावरून ओढत नेतात. कारण बर्फ फुटला तर घसरगाडी तळाला जाते, मी तरंगते. अशी दोन माणसं मी जिवंत परत आणली आहेत.

सुतार गेल्यावर त्याची मुलगी मला वल्हवू लागली. तिला सगळे मावशी म्हणतात. तोंडाची फटकळ, पण कामाला वाघ. हिवाळाभर पाण्याबाहेर राहून माझ्या फळ्या सुकतात, त्यांच्यात फटी पडतात. म्हणून बर्फ वितळला की मावशी माझ्यात दगड भरून मला काठाजवळ चार दिवस बुडवून ठेवते. फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि फटी मिटतात. तिच्या वडिलांचीही हीच रीत होती.

पुढे पायाने चालवायच्या रंगीत होड्या आल्या. माझ्या फेऱ्या कमी झाल्या. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत आणि त्या होड्यांत जाऊन बसत. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

यंदा पर्यटन केंद्रात नवे साहेब आले. माणूस वाईट नाही, पण उत्साह दांडगा. मावशी मला बुडवून दोन दिवस बहिणीकडे गेली होती. साहेबांनी मला पाण्याखाली पाहिलं आणि ट्रॅक्टर लावून बाहेर ओढलं. इतिहासाच्या दालनात हीटरशेजारी ठेवून पाटी लावली : 'बुडालेली जुनी नाव. हात लावू नये.' त्या उबेने माझ्या फटी आणखीच रुंदावल्या.

मावशी परतली ती थेट दालनात.

"साहेब, माझी नाव कुणी उचलली?"

"अहो मावशी, ती बुडाली होती. आम्ही वाचवली."

"बुडाली नव्हती, मी बुडवली होती. पाणी पाजत होते तिला."

साहेब हसले. "करंगळी जाईल एवढ्या फटी आहेत. उद्या बुडाला भोकं पाडून माती भरू, दारात ठेवून तिच्यात फुलझाडं लावू. शोभा येईल."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. भोकं पाडली की नाव संपली, मग वर गुलाब लावा नाहीतर कोबी!

"चार दिवस द्या," मावशी म्हणाली. "पाचव्या दिवशी तुम्ही स्वतः बसा. पायाला पाणी लागलं तर भोकं मीच पाडते."

मी पुन्हा पाण्याखाली गेले आणि हट्टाने पाणी प्यायले. पाचव्या दिवशी साहेब चकचकीत बूट घालून बसले. सरोवराच्या मध्यापर्यंत त्यांनी बुटांवरची नजर हलवली नाही. पुढच्या फटीशी दोन थेंब जमले होते. त्यांनी वाकून ते बोटाने पुसले आणि वाट पाहिली. तिसरा थेंब आला नाही.

बेटावर ते पहिल्यांदाच उतरले. शाळेच्या भिंतीवरची नावं एकेक करून वाचत बराच वेळ उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी दालनातली पाटी स्वतःच्या हाताने काढली.

"मावशी, पुढच्या वर्षी दगड भरायला मला बोलवा," ते म्हणाले.

"बूट काढून या," मावशी म्हणाली.

मित्रांनो, जुनं ते जरूर जपा. पण कुणाला वाचवायला धावण्याआधी ज्याच्या हातात वल्हं आहे त्याला एकदा विचारा. मला दालनातला दोरी बांधलेला कोपरा नको. मला पाणी हवं, ओझं हवं, माझ्यात बसून कुरकुर करणारी माणसं हवीत. उद्या सकाळी नऊला मी बेटाकडे निघते आहे. उशीर केलात तर थांबणार नाही.